सात मजली गोपुराची नोंद

तासगावच्या गणपतीला पहिल्यांदा आलेलं माणूस दारातच थबकतं. मुलूख येरळेकाठचा, बोली सांगलीकडची, बाजारात बेदाण्याचे सौदे चाललेले. आणि देवळाच्या दारावर थेट हंपीची आठवण करून देणारं सात मजली गोपूर. आपल्याकडच्या देवळाची घडण डोळ्यांत बसलेली असते. सगळ्यांत उंच ते गाभाऱ्यावरचं शिखर. दार त्यामानाने साधं, फार तर वर नगारखाना. दक्षिणेतही एकेकाळी असंच होतं. तंजावरचं बृहदीश्वर १०१० साली पुरं झालं, त्यात उंची आहे ती गाभाऱ्यावरच्या विमानाची. पुढच्या शतकांत तिकडे दार वाढत गेलं आणि गाभारा होता तेवढाच राहिला. विजयनगरच्या रायांनी बांधलेल्या उंच दारांना तर रायगोपुरं असंच नाव पडलं. देव आत अंधाऱ्या गाभाऱ्यात आणि त्याचं दार कोसावरून दिसणारं, अशी ही घडण.

ती तासगावला आणली परशुरामभाऊ पटवर्धनांनी. १७७९ साली काम सुरू झालं, १७९९ साली पुरं झालं. उजव्या सोंडेचा गणपती, दारावरचं गोपूर आणि ऋषिपंचमीला निघणारा लाकडी रथ, या तीन गोष्टींशिवाय तासगावची ओळख पुरी होत नाही.

हे गोपूर या प्रकरणात आपण एका व्हिडिओ गेममध्ये उभं करून पाहू. एखादी वास्तू खेळात घालायची म्हणजे तिचं चित्र काढून नकाशावर चिकटवायचं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. चित्राचं काम सगळ्यांत शेवटी येतं. त्याआधी त्या वास्तूबद्दल काही प्रश्नांची उत्तरं यंत्राला कळतील अशी लिहून द्यावी लागतात: ती कुठे आहे, केव्हापासून आहे, कोणी बांधू शकतं, तिचा लाभ कोणाला होतो, किती होतो, कोणत्या अटीवर होतो. यंत्राला ‘साधारणपणे’ कळत नाही आणि ‘परंपरेने’ही कळत नाही. मला हा व्यायाम इतिहासाच्या अभ्यासाला फार मोलाचा वाटतो, कारण ज्या वास्तूकडे आपण हात जोडून पाहतो तिच्याबद्दल किती गोष्टी आपण कधी विचारल्याच नाहीत, हे त्यात उघडं पडतं.

आधी खेळाबद्दल. ग्रँड स्ट्रॅटेजी या जातीच्या खेळात तुमच्या हाती एखादा शिपाई नसतो, सबंध राज्य असतं. खजिना, फौज, सोयरिकी, तह, व्यापार, धर्म, बंडं, वारसा, सगळं तुम्ही बघायचं आणि शतकानुशतकं बघायचं. या जातीतलं एक मोठं नाव म्हणजे युरोपा युनिव्हर्सालिस. मुळात तो फिलिप तिबो या फ्रेंच माणसाने १९९३ साली काढलेला पटावरचा खेळ होता. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीने २००० साली तो संगणकावर आणला. त्याची चौथी आवृत्ती ऑगस्ट २०१३ मध्ये आली. आपण बोलणार आहोत ती हीच. तिचा काळ सुरू होतो ११ नोव्हेंबर १४४४ रोजी, म्हणजे युरोपातल्या वार्नाच्या लढाईच्या दुसऱ्या दिवशी, आणि संपतो १८२१च्या जानेवारीत. मराठी वाचकाने या तारखांकडे आपल्या बाजूने पाहावं. खेळ सुरू होतो तेव्हा बिदरला बहामनी सुलतान गादीवर आहे आणि तुंगभद्रेच्या काठी विजयनगर भरात आहे. खेळ संपतो तेव्हा पेशवाई बुडून अडीच वर्षं झालेली आहेत. म्हणजे शिवकाल आणि पेशवाई हे दोन्ही त्या नकाशावर घडू शकतात, किंवा खेळाडूच्या हातून वेगळ्या रीतीनेही घडू शकतात.

या खेळात बरीच वर्षं मोठी बांधकामं म्हणजे फक्त तीन कालवे होते: सुएझ, पनामा आणि कील. गंमत अशी की प्रत्यक्षात यांतला एकही त्या काळातला नाही. सुएझ १८६९चा, कील १८९५चा, पनामा १९१४चा. म्हणजे इतिहासाने जे उशिरा केलं ते लवकर करण्याची मुभा खेळाडूला होती, पण जे आधीच उभं होतं त्याची नोंदच नव्हती. २७ एप्रिल २०२१ रोजी लेव्हायथन नावाची जोडणी आली आणि तिच्याबरोबर जगभरातली स्मारकं नकाशावर आली. ग्रानादाचा अल्हाम्ब्रा, कंबोडियातलं अंगकोर वाट, जावातलं बोरोबुदूर, इस्तंबूलचं हागिया सोफिया, इंग्लंडातलं स्टोनहेंज. त्या जोडणीत सुरुवातीला इतके दोष होते की कंपनीला जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. पण स्मारकांची कल्पना मात्र खेळाडूंनी उचलून धरली, आणि मग हौशी मंडळींनी आपापल्या गावची, देशाची स्मारकं त्यात घालायला सुरुवात केली.

खेळात वास्तू घालायची त्याआधीची रीत निराळी होती. सिड मायरच्या सिव्हिलायझेशन या खेळात १९९१ पासून जगातली आश्चर्यं आहेत, पण तिथे नियम असा की जो आधी बांधील त्याची ती वास्तू. फ्रान्सचा राजा पॅरिसात पिरॅमिड बांधू शकतो, अॅझ्टेकांचा राजा ताजमहाल उभारू शकतो. एकाने बांधली की बाकीच्यांना ती मिळत नाही. युरोपा युनिव्हर्सालिसने याच्या उलट टोक धरलं. इथे बहुतेक स्मारकं आपल्या जागेला जखडलेली असतात. अल्हाम्ब्रा हवा असेल तर ग्रानादा जिंकायला हवं. पहिल्या खेळात वास्तू म्हणजे नुसती कल्पना, तिला माती नाही. दुसऱ्यात वास्तू म्हणजे नुसती माती, तिची कल्पना दुसरीकडे रुजू शकत नाही. तासगावचं गोपूर या दोन्ही नियमांत बसत नाही, आणि म्हणूनच मी ते उदाहरणाला घेतलं आहे.

आता नोंद लिहायला बसू. या खेळातली स्मारकं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेली असतात. प्रोग्रामिंग शिकलेलं असावं लागत नाही. नोटपॅड उघडता येत असेल तर नोंद लिहिता येते. प्रत्येक स्मारकाला एक प्रांत दिलेला असतो, एक सुरुवातीची तारीख असते, ते हलवता येतं की नाही याचं हो-नाहीत उत्तर असतं, बांधण्याची अट असते, लाभ मिळण्याची वेगळी अट असते, आणि मग पायऱ्या असतात. स्मारक शून्य पायरीवर असलं तर नुसतं आहे, लाभ काही नाही. त्यावर तीन पायऱ्या चढवता येतात. नेहमीचा दर पहिलीला हजार डुकॅट (हे खेळातलं चलन) आणि दहा वर्षं, दुसरीला अडीच हजार आणि वीस वर्षं, तिसरीला पाच हजार आणि चाळीस वर्षं. प्रत्येक पायरीचा परिणाम तीन थरांवर लिहिता येतो: त्या प्रांतापुरता, आसपासच्या परिसरापुरता, किंवा सबंध राज्याला.

पहिलाच प्रश्न जागेचा, आणि तिथेच तासगाव आपल्याला अडवतं. खेळातला प्रांत जिल्ह्याएवढा किंवा त्याहून मोठा असतो, त्यामुळे तासगावसारखं गाव कुठल्यातरी प्रांताच्या पोटात जातं. कोणत्या? आज ते सांगली जिल्ह्यात आहे. पण सांगली जिल्हा हे नाव १९६० सालचं. १९४९ ते १९६० तो दक्षिण सातारा होता आणि त्याआधी तासगाव हा सातारा जिल्ह्याचा तालुका होता. त्याच्याही आधी, १८४८ पर्यंत, तासगाव ही पटवर्धनांची जहागीर होती. सातारच्या छत्रपतींचं राज्य ज्या वर्षी कंपनी सरकारने वारस नाही म्हणून खालसा ठरवलं, त्याच वर्षी तासगावची जहागीरही खालसा झाली. एका गोपुराने उभ्या जागी इतके धनी पाहिले. खेळात या प्रश्नाचं उत्तर एका आकड्यात द्यावं लागतं, कारण प्रांताला क्रमांक असतो. मी तो मिरज-कोल्हापूरच्या बाजूचा धरीन, कारण १७७९ साली या मुलखाची नाळ कृष्णेकाठच्या पटवर्धनी ठाण्यांशी होती.

दुसरा प्रश्न तारखेचा, आणि इथे थांबावंसं वाटतं. खेळाचा नेहमीचा दर लावला तर दुसऱ्या पायरीला वीस वर्षं लागतात. तासगावला लागली तीही वीसच. खेळाडू मात्र ही वीस वर्षं एका पट्टीच्या रूपात पाहतो. पट्टी हळूहळू भरते, मध्येच कोणी लढाई केली तरी ती भरतच राहते. तासगावची वीस वर्षं अशी गेली नाहीत. काम सुरू झालं त्या १७७९च्या जानेवारीत वडगावला इंग्रजांनी शरणागती पत्करली होती आणि पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटलेलं होतं. १७८१च्या वसंतात बोरघाटातून मागे फिरणाऱ्या जनरल गॉडर्डच्या फौजेला हैराण करणाऱ्यांत परशुरामभाऊ होते. १७९०-९१ मध्ये ते धारवाडच्या वेढ्यात अडकले होते, महिनेच्या महिने. १७९२ साली श्रीरंगपट्टणच्या वेढ्यापर्यंत मराठी फौजा गेल्या. १७९५ साली खर्ड्याला निजामाविरुद्ध मराठ्यांच्या सबंध फौजेचं नेतृत्व भाऊंकडे होतं. त्यानंतर सवाई माधवराव गेले, वारशाचा घोळ झाला, नाना फडणीस आणि परशुरामभाऊ हे जन्माचे सोबती एकमेकांच्या विरुद्ध उभे राहिले, भाऊंना कैद झाली. याच शेवटच्या वर्षांत कोल्हापूरच्या फौजेने तासगाववर चाल करून भाऊंचा वाडा जाळला. आणि १७९९च्या सप्टेंबरात पट्टणकुडीला कोल्हापूरकरांशी लढताना भाऊ पडले. देवळाचं काम त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब यांनी पुरं केलं.

बांधणाऱ्याचा वाडा जळाला, बांधणारा पडला, आणि गोपूर पुरं झालं. खेळातल्या भरत जाणाऱ्या पट्टीत यातलं काहीच दिसत नाही. नोंद लिहिणाऱ्याने मनावर घेतलं तर दिसू शकतं, कारण खेळात घटना लिहिता येतात. बांधकाम चालू असताना राज्याची लढाई शेजाऱ्याशी जुंपली तर काम थांबवायचं की चालू ठेवायचं, असा पर्याय खेळाडूपुढे ठेवता येतो. कारभारी मेला तर मुलाने काम पुरं करण्याचा पर्याय ठेवता येतो. बहुतेक स्मारकांच्या नोंदीत हे कोणी लिहीत नाही. लिहायला हवं.

तिसरा प्रश्न अटीचा: हे कोण बांधू शकतं? सोपं उत्तर म्हणजे ‘हिंदू राज्य’. अनेक नोंदी एवढ्यावर थांबतात. पण मग सांगली-मिरजेच्या मुलखात सात मजली गोपूर आधीच उभं का राहिलं नाही, याचं उत्तर मिळत नाही. मराठी माणसाने गोपुरं १७७९च्या फार आधी पाहिली होती. व्यंकोजीराजांनी १६७५च्या सुमारास तंजावर घेतलं आणि तिथे मराठी घराणं १८५५ पर्यंत राहिलं. शिवाजी महाराजांनी १६७७ साली जिंजी घेतली. राजाराम महाराजांनी त्याच जिंजीत आठ वर्षांचा वेढा सोसला. म्हणजे शंभर वर्षं मराठी माणसं गोपुरांच्या सावलीत राहत होती, येत-जात होती. नुसतं पाहणं पुरेसं असतं तर तासगावला शंभर वर्षं थांबावं लागलं नसतं.

मग पटवर्धनांचं वेगळेपण काय? हे घराणं मूळचं रत्नागिरीकडच्या कोतवड्याचं. हरभट पटवर्धन इचलकरंजीच्या घोरपड्यांचे उपाध्ये, गणपतीपुळ्याच्या गणपतीचे निस्सीम उपासक. भिक्षुकी करणाऱ्या घरातली मुलं एका पिढीत तलवार धरून सरदार झाली. गोविंद हरी, रामचंद्र हरी, त्र्यंबक हरी. मिरज, तासगाव, कुरुंदवाड. पेशव्यांनी त्यांना कृष्णेच्या खाली बसवलं ते मुद्दाम, कारण समोर म्हैसूरचा हैदर अली होता. या घराण्याचं आयुष्यच सीमेवर गेलं. १७७७ साली सावशीच्या लढाईत कोन्हेरराव पटवर्धन पडले आणि पांडुरंगराव हैदरच्या कैदेत गेले. त्यानंतर दोन वर्षांनी तासगावला पाया खणला गेला. ज्या मुलखाने घरातली माणसं घेतली, त्याच मुलखाची घडण या घराण्याने आपल्या कुलदैवताच्या दारावर चढवली. यामागे भाऊंच्या मनात काय होतं ते त्यांनी लिहून ठेवलं असेल तर माझ्या वाचनात नाही, म्हणून पुढचं मत माझं समजावं. मला यात नव्या सरदार घराण्याची गरज दिसते. जुन्या देशमुखांना, घोरपड्या-भोसल्यांना आपलं मोठेपण सिद्ध करायचं नव्हतं. उपाध्यांच्या नातवाला ते दिसेल असं उभं करायचं होतं, आणि दक्षिणेत त्याने पाहिलं होतं की दिसणारं असं काय असतं.

ही अट खेळात लिहिता येते, आणि ‘हिंदू राज्य’ या सरधोपट अटीपेक्षा ती कितीतरी खरी आहे. खेळात राज्याला अदृश्य खुणा लावता येतात. तुंगभद्रेपलीकडच्या प्रांतावर या राज्याने एकदा तरी ताबा मिळवला किंवा तिथे लढाई केली, की खूण लागते. ती खूण असेल तरच तासगावचं काम सुरू करता यावं. म्हणजे वास्तू कुठेही उभी राहील असं नाही आणि जागेला कायमची जखडलेलीही नाही. ती अनुभवाला जखडलेली राहील. जगातल्या अनेक वास्तूंचं असंच आहे, पण अशी अट लिहिलेली फार थोड्या नोंदींत आढळते.

याच ठिकाणी एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. १७९१ साली, म्हणजे तासगावचं काम चालू असताना, टिपूवरच्या मोहिमेत पटवर्धनांच्या फौजेबरोबर असलेल्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. टिपूने मठाला मदत पाठवली. त्याची मठाशी झालेली पत्रं १९१६ साली उजेडात आली. एका हाताने दक्षिणी घडणीचं देऊळ उभं राहत होतं आणि त्याच घराण्याच्या फौजेच्या पायाखाली दक्षिणेतलं एक थोर पीठ तुडवलं जात होतं. काही जणांना ही गोष्ट तासगावच्या गोपुराला लावू नये असं वाटेल. मला वाटतं ती लावली नाही तर नोंद खोटी होईल. मोहिमेने कल्पना आणली आणि त्याच मोहिमेने हानीही केली. दोन्ही एकाच रस्त्याने घडलं. खेळाच्या भाषेत सांगायचं तर खूण लागते तेव्हा तिच्याबरोबर दंडही लागावा, दक्षिणेतल्या प्रजेची नाराजी म्हणा किंवा प्रतिष्ठेची घट म्हणा.

आता हलवण्याचा प्रश्न. लेव्हायथनमध्ये काही स्मारकांना ‘हलवता येतं’ असा शेरा आहे. पैसे भरले की जिंकलेल्या प्रांतातलं स्मारक उचलून दुसरीकडे न्यायची सोय. खेळाडूंना हे अतिशयोक्त वाटलं होतं, पण प्रत्यक्षात असं अगदीच घडत नाही असंही नाही. अस्वानच्या धरणाखाली जाऊ नये म्हणून इजिप्तमधलं अबू सिंबेल १९६४ ते १९६८ या काळात दगडाचे ठोकळे करून सुमारे ६५ मीटर वर नेऊन पुन्हा उभं केलं. आपल्याच सातारा जिल्ह्यात, वाईजवळ मेणवलीला, नाना फडणीसांच्या घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हा सनाचा आकडा आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, त्या विजयात आलेली ही पोर्तुगीज चर्चची घंटा. खेळातलं ‘हलवता येतं: हो’ याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. वस्तू तीच, ओतकाम तेच, फक्त आता ती कृष्णेच्या काठी आहे.

तासगावला असा एक दगडही कोणी हंपीहून उचलून आणलेला नाही. म्हणून माझ्या नोंदीत त्या रकान्यात ‘नाही’ येईल. तरीही तासगावला जे आलं ते मेणवलीच्या घंटेपेक्षा मोठं आहे. घंटा ही जिंकलेली चीज. गोपूर ही शिकलेली गोष्ट. त्याच्याबरोबर दक्षिणेतली दुसरी रीतही आली, ती रथाची. हंपीला, शृंगेरीला रथ ओढतात. कानडी मुलखात गावोगावच्या जत्रांना ओढतात. महाराष्ट्रातल्या गणपतीच्या देवळाला मात्र पालखी ओळखीची. तासगावने गोपुराबरोबर रथ घेतला म्हणजे नुसता देखावा घेतला नाही, उत्सवाची चालही घेतली.

राहिला लाभाचा प्रश्न, आणि माझ्या मते या सगळ्या खेळांची खरी अडचण इथेच आहे. स्मारकाचा लाभ लिहायचा असतो तो धन्याच्या बाजूने. कर इतके टक्के वाढला, फौजेचं मनोधैर्य इतकं वाढलं, बंडाचा धोका इतका घटला. धनी बदलला आणि अटीत बसला की लाभ नव्या धन्याकडे जातो. हागिया सोफियाच्या बाबतीत हे बरोबर बसतं. ती ५३७ साली चर्च म्हणून उभी राहिली, १४५३ साली मशीद झाली, विसाव्या शतकात संग्रहालय झालं, २०२० साली पुन्हा मशीद. दर वेळी राज्याने ती आपल्या कामाला लावली. तासगावचं तसं झालं नाही. १८४८ नंतर तासगावचा महसूल कंपनी सरकारकडे गेला, पुढे राणीच्या सरकारकडे, पण गोपुराचा ‘लाभ’ म्हणून सरकारच्या हाती काय पडलं? काहीच नाही. रथ ओढायचं थांबलं नाही. दर ऋषिपंचमीला गणपती रथात बसतो, दोरखंड धरले जातात, गुलालात रस्ता बुडतो, मोरयाच्या गजरात माणसं तो रथ काशीविश्वेश्वराच्या देवळापर्यंत नेतात आणि माघारी आणतात. गणपती दीड दिवसाचा, गर्दी मात्र सबंध तालुक्याची आणि बाहेरचीही.

म्हणून मी पायऱ्या अशा लिहीन. शून्य: पटवर्धनांचं कुलदैवत, नुसतं देवघर. पहिली: गाभारा आणि मंडप, लाभ प्रांतापुरता, थोडं स्थैर्य. दुसरी: सात मजली गोपूर, खर्च अडीच हजार, काळ वीस वर्षं, लाभ राज्याला, प्रतिष्ठा, कारण लांबून दिसणं हेच तिचं काम. तिसरी पायरी: रथ. हिला पैसा लागू नये. हिच्यासाठी अट एकच असावी, प्रांतात बंड नसावं आणि लोक सुखी असावेत. आणि तिसरी पायरी चढली की लाभ प्रांताला कायमचा मिळावा, धनी कोणत्याही धर्माचा, कोणत्याही भाषेचा आला तरी. खेळाच्या नियमात हे करता येतं. प्रांतापुरत्या परिणामाला धन्याची अट न लावण्याची मोकळीक आहे. तरी खेळ लिहिणारे ती फारशी वापरत नाहीत, कारण खेळाडू राजा असतो आणि राजाला आपल्या खजिन्यात काय आलं तेवढंच पाहायचं असतं.

प्रांताला मिळालेला लाभ किती लांबवर पोचतो याचं एक उदाहरण तासगावातच आहे. तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसन सीडलेस द्राक्षातून निवड करून एक वाण काढलं, त्याचं नाव तास-ए-गणेश. नावातच तासगाव आहे आणि गणपती आहे. आज द्राक्षाचे बागाईतदार हे नाव रोज उच्चारतात. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. युरोपा युनिव्हर्सालिसमध्ये प्रत्येक प्रांताला व्यापाराचा एक माल ठरवलेला असतो. १७७९ साली तासगावच्या प्रांताचा माल कोणी द्राक्ष लिहिला नसता. देवळाने द्राक्ष पिकवलं नाही, पण पुढच्या माणसाने आपल्या कष्टाच्या वाणाला नाव देताना राजाचं दिलं नाही, सरदाराचं दिलं नाही, गणपतीचं दिलं.

अशा नोंदी लिहिण्याची वेळ आता आली आहे असं मला वाटतं, कारण जगाच्या याद्यांत आपली भर पडू लागली आहे. ११ जुलै २०२५ रोजी मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले, त्यांत सातारा जिल्ह्यातला प्रतापगड आणि कोल्हापूरचा पन्हाळा; बारावी तमिळनाडूतली जिंजी. यादीत नाव गेलं की खेळ तयार करणाऱ्यांचं लक्ष जातं, आणि पुढे प्रतापगड, रायगड खेळांत येतीलच. तासगावचं गोपूर अशा यादीत नाही. ते आपल्यातल्याच कोणीतरी लिहावं लागेल. पन्हाळ्याच्या नोंदीत तटबंदी वाढवणारा आकडा लिहून भागेल; तासगावच्या नोंदीत तेवढ्याने भागणार नाही. मोहीम, जळालेला वाडा, शृंगेरी, अप्पासाहेबांनी पुरं केलेलं काम, आणि पैसा न मागणारी तिसरी पायरी, हे सगळं त्या फाइलमध्ये बसवावं लागेल. बसतं. मी मांडून पाहिलं आहे, चाळीसएक ओळी होतात.

वाचकांपैकी ज्यांना हा खेळ येतो, ज्यांच्या घरातली मुलं तो रात्र-रात्र खेळतात, त्यांना एक विनंती आहे. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी तासगावला जा. गोपुराचे मजले खालून वर मोजा, मग गर्दीत शिरून रथाच्या दोराला हात लावा. तिसऱ्या पायरीच्या ओळी त्यानंतर लिहा.